प्रसिद्ध व्यक्ती आणि त्यांचे अभिमानी

ज्या व्यक्तीशी आपला कधी परिचय झालेला नाही, जिला आपले नावही ठाऊक नाही आणि जिच्या सुखदुःखाचा आपल्या दैनंदिन व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, अशा व्यक्तीच्या विवाहाची, आजाराची, घराची आणि पोशाखाची वार्ता आपण आवडीने का वाचतो? तिच्या यशाने आपल्याला आनंद आणि तिच्या मृत्यूने शोक का व्हावा? या प्रश्नाची काही सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. हा अशिक्षितांचा भाबडेपणा आहे, हा रिकामपणाचा उद्योग आहे, किंवा हा जाहिरातदारांनी पसरवलेला मोह आहे, असे म्हटले जाते. या उत्तरांत काही तथ्य असले तरी ती पुरेशी नाहीत. प्राध्यापक, वैद्य, कारखान्यातील कुशल कामगार किंवा गृहिणी यांपैकी कोणताच वर्ग या आकर्षणापासून मुक्त नाही. शिवाय, जाहिरातीवर अमाप खर्च होऊनही लोकांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही, अशा नटांची संख्याही थोडी नाही. तेव्हा या आकर्षणाचे मूळ अधिक खोल असले पाहिजे.

प्रथम दोन शब्दांचा विचार करू. जो एखाद्या नटावर किंवा खेळाडूवर लुब्ध असतो, त्याला मराठीत आपण ‘चाहता’ म्हणतो. ज्याला कोणी तरी आवडते तो चाहता. कन्नड भाषेत याच अर्थाने ‘अभिमानी’ असा शब्द वापरतात. मराठी वाचकाला तो काहीसा चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे अभिमानी म्हणजे स्वतःविषयी अभिमान बाळगणारा. परंतु विचार केल्यास कन्नड शब्दाने या प्रश्नाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे, असे दिसून येईल. चाहत्याचे प्रेम दुसऱ्यावर असते, पण त्या प्रेमातून त्याला स्वतःविषयीचा अभिमान लाभतो. हे कसे घडते, ते या प्रकरणात मुख्यतः बंगळूर शहराच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे. त्यासाठी आधी या आकर्षणाची सर्वसाधारण कारणे समजून घेतली पाहिजेत.

आकर्षणाची जुनी मुळे

प्रसिद्ध व्यक्तींचे वेड सिनेमाने आणले, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपल्याला परिचित असलेल्या अ‍ॅडम स्मिथने १७५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात, श्रीमंत आणि मोठ्या लोकांविषयी सामान्य माणसाला वाटणाऱ्या कौतुकाचे विस्तृत विवेचन केले आहे. आपल्या लाभाची काहीही आशा नसताना आपण त्यांच्या सुखाशी समरस होतो, कारण त्यांच्या जीवनात आपल्याला सुखाचे परिपूर्ण चित्र दिसते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. महाराष्ट्रात बोलपटाचा उदय होण्यापूर्वीच बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) हेच वेड निर्माण केले होते. ते स्त्रीभूमिकेत नेसत ती लुगडी, घालत ते दागिने आणि करत ती केशरचना यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत असत. वय झाले, आवाज थकला, तरीही त्यांचा एकनिष्ठ प्रेक्षक त्यांना सोडून गेला नाही. वर्तमानात दिसणाऱ्या नटापेक्षा मनात साठवलेली मूर्ती अधिक बलवान असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या अनुकरणप्रवृत्तीचा उगम मानवाच्या प्राचीन जीवनात शोधण्याचा प्रयत्न मानवशास्त्रज्ञांनी केला आहे. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या संशोधकांनी २००१ मध्ये असे मत मांडले की, मानवसमाजात मोठेपणा दोन प्रकारचा असतो. एक धाकाचा आणि दुसरा प्रतिष्ठेचा. धाक दाखवणाऱ्यापासून आपण दूर राहतो, तर प्रतिष्ठित माणसाच्या जवळ जाऊ पाहतो. उत्तम शिकारी, कुशल वैद्य किंवा चतुर कारागीर यांच्या सहवासात राहिल्याने त्यांचे कौशल्य आत्मसात करता येत असे, म्हणून अशा माणसाकडे लक्ष देणे, त्याला मान देणे आणि त्याचे अनुकरण करणे लाभदायक होते. मात्र त्याच्या यशाचे नेमके कारण कोणते, हे पाहणाऱ्याला कळणे कठीण असे. म्हणून सुरक्षित मार्ग एकच होता. त्याचे बोलणे, चालणे, खाणे, सर्व काही उचलावे. क्रिकेटपटूची केशरचना केल्याने फलंदाजी सुधारत नाही, हे आज प्रत्येकाला कळते, तरीही केशकर्तनालयात तीच मागणी होते. ती या जुन्या सवयीमुळे.

ही प्रवृत्ती केवळ मानवापुरतीही मर्यादित नसावी. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ऱ्हिसस जातीच्या नर माकडांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या कळपातील वरचढ माकडाचा चेहरा चित्रात पाहावयास मिळावा, यासाठी ही माकडे आपल्या वाट्याच्या फळरसातील काही भाग सोडून देण्यास तयार होत. उलट दुय्यम दर्जाच्या माकडाकडे पाहण्यासाठी त्यांना जादा रस द्यावा लागे. मोठ्यांकडे पाहण्यासाठी किंमत मोजण्याची आपली तयारी किती जुनी आहे, याची यावरून कल्पना येते.

एकतर्फी जवळीक

आधुनिक प्रसारमाध्यमांनी या जुन्या प्रवृत्तीत एका नव्या गोष्टीची भर घातली. पूर्वीच्या गावात प्रतिष्ठित मनुष्य डोळ्यांसमोर वावरत असे. आपण त्याला ओळखत होतो आणि तोही आपल्याला ओळखत होता. चित्रपट, नभोवाणी आणि दूरदर्शन यांनी ओळखीचा केवळ अर्धा भाग शिल्लक ठेवला. पडद्यावर माणसाचा चेहरा इतक्या जवळून दिसतो की, तितक्या जवळून आपण केवळ आईवडिलांना, पती-पत्नीला किंवा मुलांनाच पाहतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५६ मध्ये या संबंधाचे प्रथम पद्धतशीर वर्णन केले. निवेदक श्रोत्याला उद्देशून घरच्यासारखा बोलतो आणि नियमाने ठरलेल्या वेळी भेटतो. श्रोत्याच्या मनात हळूहळू खऱ्या मैत्रीसारखी भावना उत्पन्न होते, पण ती एकाच बाजूने असते. या संबंधाला आपण ‘एकतर्फी जवळीक’ म्हणू.

परिचयामुळे आवड वाढते, हेही प्रयोगांनी दाखवून दिले आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले की, अर्थ ठाऊक नसलेले शब्द किंवा अनोळखी चेहरे जरी वारंवार दाखवले, तरी केवळ त्या पुनरावृत्तीमुळे ते माणसाला अधिक आवडू लागतात. शिवाय लोक एकमेकांची आवड पाहून आपली आवड ठरवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुमारे १४,००० तरुणांना अपरिचित गाणी ऐकवण्यात आली. इतरांनी कोणती गाणी निवडली हे ज्यांना दाखवले, त्यांच्यात लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली. विशेष असे की, प्रत्येक गटात वर आलेली गाणी एकसारखी नव्हती. गुणांचा वाटा होता, पण योगायोगाचाही होता. प्रसिद्धी काही अंशी स्वतःवरच पोसली जाते, असा याचा अर्थ.

तथापि, एवढ्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हजारो परिचित चेहऱ्यांपैकी एखाद्याच चेहऱ्यासाठी लोक जीव ओवाळून टाकण्यास का सिद्ध होतात? त्यासाठी आता बंगळूरकडे वळू.

एका शहराचा नायक

कन्नड चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ नट डॉ. राजकुमार यांचा जन्म २४ एप्रिल १९२९ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव मुत्तुराज. वडील रंगभूमीवरील नट होते. शालेय शिक्षण अगदी अल्प झाले आणि बालपणीच मुलगा गुब्बी वीरण्णांच्या प्रसिद्ध नाटक कंपनीच्या वातावरणात वाढला. १९५४ मधील ‘बेडर कण्णप्प’ या चित्रपटाने ते नायक झाले आणि पुढे २०० हून अधिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. पुराणातील भक्त, इतिहासातील राजे, शेतकरी, कामगार, गुप्तहेर अशी सर्व सोंगे त्यांनी वठवली. १९७२ मधील ‘बंगारद मनुष्य’ या चित्रपटात शहराकडे न जाता पडीक जमीन फुलवणाऱ्या तरुणाची त्यांची भूमिका होती. तो चित्रपट बंगळूरच्या एका चित्रपटगृहात दोन वर्षे चालला, आणि तो पाहून काही सुशिक्षित तरुण शेतीकडे वळले असे सांगितले जाते.

या नटाच्या वाट्याला आलेले प्रेम समजण्यासाठी त्या काळातील बंगळूर ध्यानात घेतले पाहिजे. ब्रिटिश काळापासून हे शहर दोन भागांत विभागलेले होते. एका बाजूस जुनी पेठ, दुसऱ्या बाजूस लष्करी छावणी. कन्नड ही शहरातील सर्वांत मोठी भाषा असली, तरी ती मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमीच होते. तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत होती. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांत काम करण्यासाठी देशभरातून लोक आले. वरिष्ठ कचेऱ्यांत इंग्रजी आणि चित्रपटगृहांत तमिळ, तेलुगू, हिंदी व इंग्रजी चित्रपट, अशी परिस्थिती होती. खेड्यातून आलेल्या किंवा पेठेत वाढलेल्या कन्नड तरुणाला स्वतःच्याच राजधानीत आपण पाहुणे आहोत असे वाटे. अशा तरुणाने पडद्यावर आपल्याच भाषेत, ठसठशीत उच्चारांत, राजाच्या तोऱ्याने बोलणारा नायक पाहिला. तो नायक फारसा न शिकलेला, साधा, विनयशील होता. पडद्यावर मद्यपान व धूम्रपान टाळणारा होता. नायकाला टाळी देताना हा तरुण स्वतःच्या भाषेला आणि स्वतःलाही टाळी देत होता. ‘अभिमानी’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

राजकुमारांनीही या नात्याला प्रतिसाद दिला. ते आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’, म्हणजे ‘अभिमानी हेच देव’, असे संबोधीत. देवाने भक्तालाच देव म्हणावे, ही कल्पना आपल्या संतपरंपरेला अपरिचित नाही. एकतर्फी जवळिकीतील रिकामी बाजू या एका संबोधनाने भरून निघाली. शालेय शिक्षणात कन्नडला प्रथम स्थान द्यावे, अशी शिफारस विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीने केली होती. १९८२ मध्ये राजकुमार त्यासाठीच्या चळवळीत उतरले, तेव्हा साहित्यिकांच्या सभांपुरता असलेला प्रश्न लाखो लोकांचा झाला. शेजारच्या राज्यांत एम. जी. रामचंद्रन आणि एन. टी. रामाराव हे नट मुख्यमंत्री झाले. राजकुमारांनी मात्र कधीही निवडणूक लढवली नाही. अर्थात अशा अभिमानाला दुसरीही बाजू असते. याच चळवळीने भाषिक अल्पसंख्याकांच्या, त्यांत मराठी भाषकांच्याही, मनात चिंता उत्पन्न केली. आपला अभिमान दुसऱ्याच्या मनात भय केव्हा निर्माण करतो, हे अभिमान्याला सहसा कळत नाही.

केवळ भाषेमुळेच हे नाते जुळते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. त्याच बंगळूरमध्ये १२ डिसेंबर १९५० रोजी एका मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई होते. तरुणपणी शिवाजीराव शहराच्या बसवर कंडक्टर होते. १९७३ मध्ये ते अभिनयाचे शिक्षण घेण्यासाठी मद्रासला गेले आणि १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटातून ‘रजनीकांत’ या नावाने पडद्यावर आले. घरी मराठी, शाळेत व रस्त्यावर कन्नड, आणि कीर्ती मात्र तमिळ भाषेत, असा हा विलक्षण प्रवास आहे. तमिळ प्रेक्षकाने त्यांची जन्मभाषा विचारली नाही. तिकिटे फाडणारा सावळ्या वर्णाचा एक माणूस नायक होऊ शकतो, ही गोष्ट त्याला आपली वाटली. म्हणजे, प्रेक्षक प्रसिद्ध व्यक्तीत स्वतःची एखादी खूण शोधतो. ती कोठे भाषेची असते, कोठे जातीची किंवा गावाची असते, तर कोठे कष्टाची. ज्याच्यात अशी खूण सापडत नाही, त्याचे कौतुक होते, पण त्याच्यावर जीव जडत नाही.

दर्शनाची ओढ

जो आपल्याला ओळखत नाही त्याने आपल्याला ओळखावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. अभिमान्यांच्या बहुतेक चालीरीतींचा उलगडा या इच्छेतून होतो. चित्रपटगृहासमोर उभारलेली नटाची प्रचंड लाकडी प्रतिकृती, तिला घातलेला हार आणि दुधाचा अभिषेक, वाढदिवशी घरासमोर जमणारी गर्दी, नटाच्या नावाचे संघ आणि त्या संघांनी भरवलेली रक्तदानाची शिबिरे, हे सर्व परतफेडीचे आणि आपली दखल घेतली जावी यासाठीचे प्रयत्न आहेत. पंढरपुरात ज्या वारकऱ्याला गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, तो कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानतो. भव्य प्रतिकृती हा एका अर्थी चित्रपटगृहाचा कळसच होय. संघात पद मिळालेल्या तरुणाला त्याच्या गल्लीत नाव मिळते. कारखान्यात किंवा दुकानात त्याला कोणी विचारीत नसेल, पण येथे त्याच्या शब्दाला वजन असते.

या ओढीची किंमत कधी कधी भयंकर असते. जानेवारी २०२४ मध्ये गदग जिल्ह्यातील सुरणगी गावात, यश या नटाच्या वाढदिवसानिमित्त फलक उभारताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावले. १२ एप्रिल २००६ रोजी राजकुमारांचे निधन झाले, तेव्हा बंगळूरमध्ये शोकाचे रूपांतर दंगलीत झाले. अंत्यदर्शनाची व्यवस्था घाईची आणि गोंधळाची होती. हजारो लोक दर्शनावाचून परतवले गेले, वाहने पेटली, लाठीमार व गोळीबार झाला आणि एका पोलीस शिपायासह ८ जण मृत्युमुखी पडले. याउलट, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी राजकुमारांचे धाकटे पुत्र, नट पुनीत राजकुमार यांचे ४६ व्या वर्षी हृदयविकाराने आकस्मिक निधन झाले. त्या वेळी पार्थिव देह कंठीरव क्रीडांगणात ठेवण्यात आला, अंत्यविधी पुढे ढकलून ३१ ऑक्टोबरच्या पहाटेपर्यंत लोकांना रांगेने दर्शन घेऊ दिले गेले. लाखो लोक येऊन गेले. शोक तितकाच तीव्र होता, पण २००६ ची पुनरावृत्ती झाली नाही.

यानंतर हा धडा कायमचा शिकला गेला, असे मात्र झाले नाही. बंगळूरच्या क्रिकेट संघाने १८ व्या हंगामात ३ जून २०२५ रोजी प्रथमच आयपीएल स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंना पाहण्यासाठी चिन्नस्वामी क्रीडांगणाबाहेर सरकारच्या सांगण्यानुसार दोन ते तीन लाख लोक जमले. क्रीडांगणात जागा होती सुमारे ३५,००० ची. प्रवेश कोणाला आणि कसा, याविषयी गोंधळ होता. चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांविषयी असे नोंदवले होते की, विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ असे म्हणतात आणि विद्यापीठाच्या चिन्हाचे कपडे घालतात. हरला की ‘ते हरले’ असे म्हणतात. ४ जून रोजी आलेली तरुण मुले ‘आपला’ विजय साजरा करण्यास आली होती. त्यांच्या वेडाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. २००६, २०२१ आणि २०२५ या तिन्ही वेळी लोकांची भावना एकाच जातीची होती. फरक पडला तो तिला वाट करून देण्यात. दर्शनाची ओढ ही मनाची बाब आहे, पण गर्दीचे नियमन ही शासनाची आणि आयोजकांची जबाबदारी आहे.

प्रमाण आणि परतफेड

हे आकर्षण रोग मानावे काय? २००२ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर प्रसिद्ध व्यक्ती ही करमणुकीचा आणि मित्रांतील गप्पांचा विषय असते. दुसऱ्या पायरीवर तिच्याविषयीचे विचार मनात सतत घोळू लागतात. तिसऱ्या पायरीवर मनुष्य विवेक गमावून तिच्यासाठी काहीही करण्यास सिद्ध होतो. बहुसंख्य लोक पहिल्या पायरीवर असतात आणि तेथेच राहतात. ज्याला घरात, कामात आणि शेजारात आदर मिळतो, त्याला वरच्या पायऱ्या चढण्याचे कारण सहसा पडत नाही. म्हणून एखाद्या तरुणाच्या वेडाची चिंता वाटल्यास, ‘त्या नटात काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा, ‘या तरुणाला आपल्यात काय मिळत नाही?’ असे विचारणे अधिक उपयुक्त ठरेल.

अनुकरणाची जुनी प्रवृत्ती सत्कार्याकडेही वळू शकते, हे बंगळूरने दाखवून दिले आहे. राजकुमारांनी नेत्रदानाचा पुरस्कार केला होता आणि त्यांच्या नावाची नेत्रपेढी शहरात आहे. २००६ मध्ये त्यांचे, २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी पार्वतम्मा यांचे आणि २०२१ मध्ये पुनीत यांचे नेत्रदान झाले. पुनीत यांच्या नेत्रपटलांचे सूक्ष्म थर वेगळे करून चार व्यक्तींना दृष्टी देण्यात आली. त्यानंतरच्या काळात कर्नाटकात नेत्रदानाचा संकल्प करणाऱ्यांची मोठी रीघ लागली. केशरचनेचे अनुकरण करणारा माणूस आणि नेत्रदानाच्या पत्रावर सही करणारा माणूस हे दोघे निरनिराळे नसतात. प्रवृत्ती एकच, तिच्यासमोर ठेवलेला कित्ता मात्र वेगळा असतो.

प्रसिद्धी ही प्रसिद्ध व्यक्तीची मालमत्ता आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती असंख्य अनाम माणसांनी आपला वेळ, पैसा आणि माया खर्चून उभी केलेली असते, आणि त्यांच्या पाठिंब्यावाचून ती एक दिवसही टिकू शकत नाही. त्यांना त्या बदल्यात हवी असते थोडीशी दखल, थोडा अभिमान आणि दर्शनासाठी एक मोकळी, सुरक्षित रांग. ज्या समाजात सामान्य माणसाला ही दखल इतरत्रही मिळते, तेथे प्रसिद्धीचे आकर्षण नाहीसे होणार नाही. पण त्यासाठी कोणाला प्राणांची किंमत मोजावी लागणार नाही.